शोकाकुल मनाचे निर्णय

आई किंवा वडील गेल्यानंतरच्या दिवसांत माणसे असे काही निर्णय घेतात, की त्यांची संगती अगदी निकटवर्तीयांनाही लागत नाही. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारा मुलगा वडिलांच्या उत्तरक्रियेसाठी कर्ज काढतो. जिचे आईशी आयुष्यभर पटले नाही, ती मुलगी आईचे जुनेर उशाशी घेऊन निजते आणि ते धुवायला देत नाही. कोणी चौथ्या दिवशीच कचेरीत जाऊन नेहमीप्रमाणे कामाला लागतो, तर कोणी वडिलांचा चष्मा वर्षभर टेबलावरून हलवू देत नाही. देवाधर्मावर विश्वास नसलेला एखादा गृहस्थ अस्थिकलश घेऊन शेकडो मैलांवरील काशीला जातो. आणि त्याचाच धर्मनिष्ठ भाऊ, सर्व अनुकूलता असूनही, तिकडे फिरकत नाही.

अशा वागण्याचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात दिले जाते : दुःखाने त्याची बुद्धी ठिकाणावर राहिलेली नाही. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. परंतु ते वस्तुस्थितीला धरून नाही. कर्ज काढणारा मुलगा व्याजाचा दर नीट विचारून घेतो. काशीला निघालेला गृहस्थ गाडीची वेळ चुकवीत नाही आणि घाटावर लाकडाच्या भावात होणारी फसवणूकही त्याच्या ध्यानात येते. विचारशक्ती शाबूत असतानाच त्याने हा निर्णय घेतलेला असतो. तेव्हा या निर्णयांमागे काही निराळ्या प्रकारची संगती आहे काय, याचा शोध घेणे आवश्यक ठरते.

व्यवहारातील निर्णयाची पारख आपण त्याच्या फळावरून करतो. अमुक खर्च केला, त्यातून काय साधले, हा तेथे योग्य प्रश्न असतो. शोकातील पुष्कळसे निर्णय मात्र फळासाठी घेतलेलेच नसतात. ते गेलेल्या माणसाला उद्देशून केलेले असतात. मृत्यूमुळे माणूस संपतो; त्याच्याशी असलेले नाते त्याच क्षणी संपत नाही. त्या नात्यात काही बोलायचे राहिलेले असते, काही द्यायचे राहिलेले असते, एखाद्या गोष्टीची क्षमा मागायची राहिलेली असते. हा निर्णय कोणाला उद्देशून आहे आणि त्याने काय पुरे होत आहे, असे विचारले म्हणजे वरवर विसंगत दिसणाऱ्या अनेक गोष्टींचा अर्थ लागू लागतो. हे समजून घेण्यासाठी वाराणसीइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

काशी आणि मृत्यूची व्यवस्था

वाराणसीत मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन घाटांवर प्रेतदहन होते. मणिकर्णिकेवर चिता रात्रंदिवस जळत असतात. इतर गावांत स्मशान वस्तीच्या बाहेर असते. येथे ते नगराच्या मध्यभागी, नदीच्या काठी आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. काशीत देह ठेवला असता मुक्ती मिळते या श्रद्धेमुळे वृद्ध माणसे शेवटचे दिवस काढण्यासाठी येथे येत आली आहेत. ज्यांना ते साधत नाही, त्यांच्या अस्थी येथे येतात.

महाराष्ट्राचा या नगराशी असलेला संबंध जुना आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात प्रयाग, काशी आणि गया येथील तीर्थविधींची मांडणी केली. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ साली काशीतच पूर्ण झाला. त्या ग्रंथाचे नावच येथे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणी, केव्हा, काय करावे याचा ‘निर्णय’ देणारा तो ग्रंथ आहे, आणि अशौच व श्राद्ध हे त्यातील महत्त्वाचे विषय आहेत. शोकाच्या काळात माणसाला निर्णय घेणे जड जाते, म्हणून ते आधीच घेऊन ठेवावेत, अशी जणू या परंपरेची व्यवस्था आहे. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर उभारले आणि घाटही बांधले. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९७० च्या दशकापासून या नगरात राहून मृत्यूशी निगडित व्यवसायांचा आणि विधींचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. डोम, महाब्राह्मण, पंडे, नावाडी, लाकडाचे व्यापारी अशा अनेकांचा चरितार्थ येथे मृत्यूवर चालतो. म्हणजे काशीत शोकाची भावना आणि रोखीचा व्यवहार शेजारीशेजारी दिसतात. शोकातील निर्णय डोळसपणे समजून घ्यायचे असतील, तर या दोन्ही बाजू एकाच वेळी पाहाव्या लागतात.

मृत्यूपूर्वीचा निर्णय

काही निर्णय मृत्यूच्या आधीच घ्यावे लागतात. १९५८ साली दालमिया यांच्या धर्मादाय न्यासाने वाराणसीत ‘काशी लाभ मुक्ती भवन’ सुरू केले. मृत्यू समीप आलेल्या माणसाला घेऊन नातलगांनी तेथे यावे, साध्या खोलीत राहावे, भजन-कीर्तन ऐकावे आणि अंताची वाट पाहावी, अशी तेथील पद्धत पडली. मुक्कामाला साधारण दोन आठवड्यांची मर्यादा ठेवण्यात आली. तेथे वैद्यकीय उपचार हा हेतू नव्हता.

वडिलांना रुग्णालयातून हलवून अशा खोलीत आणणारा मुलगा बाहेरच्या माणसाला निष्ठुर वाटू शकतो. उपचार सोडून देणे हा त्याला वडिलांना सोडून देण्याचाच प्रकार वाटतो. परंतु तो मुलगा रजा काढून, लांबचा प्रवास करून, दिवसरात्र एका खोलीत वडिलांजवळ बसतो. कदाचित गेल्या वीस वर्षांत त्याने इतका वेळ वडिलांना दिलेला नसतो. २०१६ सालचा शुभाशीष भुतियानी यांचा ‘मुक्ती भवन’ हा चित्रपट याच परिस्थितीवर आधारलेला आहे. वडील काशीला जाऊन मरण्याचा हट्ट धरतात आणि नोकरीत गुंतलेला मुलगा नाइलाजाने त्यांच्याबरोबर जातो. त्याच्या हातून होणारा कामाचा तोटा स्पष्ट दिसतो. त्या मुक्कामात बाप-लेकात जे पुरे होते, ते मात्र कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही.

आईवडिलांसाठी असा तोट्याचा निर्णय घेणाऱ्या माणसाचे एक उदाहरण मराठी वाङ्‌मयात आहे. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरावरील कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून अनुभवला, अनेकदा लुटले गेले. त्यांचा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. ज्या द्रव्यासाठी घर सोडले ते फारसे हाती लागले नाही. पण परतताना त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. कर्जबाजारी घरात पाण्याची कावड घेऊन येणारा मुलगा हिशेबी माणसाला वेडा वाटेल. त्या आईवडिलांना तो तसा वाटला असेल असे म्हणता येत नाही.

मानसशास्त्राचे निष्कर्ष

शोकाचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. सिग्मंड फ्रॉइड यांचे वडील ऑक्टोबर १८९६ मध्ये वारले. स्वप्नमीमांसेवरील आपला विख्यात ग्रंथ हा वडिलांच्या मृत्यूला आपल्या मनाने दिलेला प्रतिसाद होता, हे आपल्याला लेखनानंतरच उमगले, असे त्यांनी त्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी १९०८ साली लिहिलेल्या प्रास्ताविकात नमूद केले आहे. मनाचा एवढा मोठा अभ्यासकही स्वतःच्या शोकाचा अर्थ घटना घडत असताना ओळखू शकला नाही, ही गोष्ट उद्‌बोधक आहे. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात फ्रॉइड यांनी शोक आणि विषण्णता यांतील भेद स्पष्ट केला. प्रिय व्यक्ती गेली हे बुद्धीला कळते. परंतु तिच्यात गुंतलेले मन एकदम मोकळे होत नाही. एकेक आठवण, एकेक अपेक्षा पुढे येते आणि प्रत्येकीचा स्वतंत्रपणे निरोप घ्यावा लागतो. हे काम पुरे होईपर्यंत गेलेली व्यक्ती मनात जिवंत ठेवली जाते. टेबलावरचा चष्मा हे याच कामाचे साधन होय. वडील परत येणार नाहीत हे मुलाला पक्के ठाऊक असते. पण चष्म्याचा निरोप घेण्याची पाळी अजून आलेली नसते.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ या करमणूकगृहाला आग लागून ४९२ माणसे दगावली. त्यानंतर एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञांनी शोकग्रस्तांचा अभ्यास करून १९४४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शारीरिक अस्वस्थता, मृत व्यक्तीची प्रतिमा सतत डोळ्यांपुढे असणे, अपराधाची भावना, आप्तांवर अकारण राग आणि नेहमीच्या दिनक्रमाची घडी विस्कटणे, ही लक्षणे त्यांना पुन्हा पुन्हा आढळली. काहींच्या वागण्यात तर मृताच्याच सवयी उतरल्या होत्या. वडील गेल्यावर त्यांच्याच पद्धतीने पान लावू लागणारा मुलगा आपणही पाहिलेला असतो.

इंग्लंडमधील कॉलिन मरे पार्क्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शोकातील ‘शोध’ या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. शोकग्रस्त माणूस नकळत गेलेल्याला शोधत असतो. गर्दीत तो पाठमोरा दिसल्याचा भास होतो. पाऊल आपोआप त्याच्या खोलीकडे वळते. जॉन बोल्बी यांनी १९८० साली पुरा झालेल्या आपल्या तीन खंडांच्या ग्रंथात या प्रवृत्तीचे मूळ बालपणात दाखविले. आई दिसेनाशी झाली की मूल रडते, शोधते, चिडते. कारण या तीन उपायांनी आई पूर्वी परत आलेली असते. मोठेपणी आईच्या मृत्यूनंतर मन त्याच तीन उपायांकडे वळते. येथे ते उपाय निष्फळ आहेत हे त्याला समजण्यास वेळ लागतो.

आईवडिलांच्या मृत्यूत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, ती म्हणजे ऋणाची. महात्मा गांधींचे वडील नोव्हेंबर १८८५ मध्ये राजकोटला वारले. सोळा वर्षांचे मोहनदास त्या रात्री वडिलांचे पाय चेपीत होते. चुलत्यांनी त्यांना मोकळे केले आणि ते पत्नीच्या खोलीत गेले. काही मिनिटांतच नोकर बोलावण्यास आला आणि वडील गेल्याचे कळले. हा डंख आयुष्यभर राहिला, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिले आहे. तर्काने पाहिले तर मुलगा खोलीत असता तरी मृत्यू टळला नसता. पण मुलाच्या मनात चाललेला विचार मृत्यू टाळण्याचा नव्हता. शेवटच्या क्षणी आपण तेथे असावयास हवे होते, एवढाच होता. ही उणीव भरून काढण्यासाठी माणसे पुढे जे करतात, ते त्या उणिवेच्या संदर्भाखेरीज समजत नाही.

विधींनी दिलेले रूप

काशीतील क्रियाकर्माकडे या दृष्टीने पाहिले असता त्याची रचना किती विचारपूर्वक झाली आहे हे ध्यानात येते. कर्ता डोमाकडून अग्नी घेतो, चितेला प्रदक्षिणा घालून तो देतो, दहन संपत आले की कपालक्रिया करतो, शेवटी पाण्याचा घडा खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न पाहता निघून जातो. पुढील दहा दिवस पिंपळाच्या झाडाला मातीचा घट टांगलेला असतो. त्यातून थेंब थेंब पाणी ठिबकते आणि प्रेताची तहान त्याने भागते अशी समजूत असते. रोज एक पिंड दिला जातो आणि त्यातून मृताचा नवा देह अवयवाअवयवाने घडतो असे मानले जाते. दहाव्या दिवशी घट फोडला जातो. अकराव्या दिवशी महाब्राह्मणाला शय्यादान होते. त्यात अंथरूण, कपडे, भांडी आणि मृताच्या आवडीच्या वस्तू असतात.

शोध घेणारे मन, देणे फेडू पाहणारे मन आणि निरोप न घेऊ शकणारे मन यांपैकी प्रत्येकाला या क्रमात काही तरी करण्यास मिळते. तहानलेल्या बापाला पाणी पाजता येते. पण दहाच दिवस. त्याच्या वस्तू जपता येतात. पण अकराव्या दिवशी त्या द्याव्या लागतात. मागे वळून पाहण्याची ओढ परंपरेने ओळखली आहे, म्हणून तर वळून न पाहण्याचा नियम आहे. जे वागणे एरवी विक्षिप्त ठरले असते, त्याला येथे जागा मिळते आणि शेवटही नेमून दिला जातो.

महाराष्ट्रातील काकस्पर्शाची चाल याहूनही बोलकी आहे. दहाव्या दिवशी पिंड मांडून कावळ्याची वाट पाहिली जाते. कावळा शिवला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली आहे असे समजून घरातील माणसे एकामागून एक पुढे येतात आणि मोठ्याने आश्वासने देतात. धाकट्या बहिणीचे लग्न मी करीन, आईला अंतर देणार नाही, भावाशी भांडण मिटवीन. अखेर कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. कावळ्याला माणसाची इच्छा कळते काय, हा वाद येथे गौण आहे. घरात जी गोष्ट वर्षानुवर्षे कोणी उच्चारली नव्हती, ती चारचौघांसमोर उच्चारली जाते आणि तिला साक्षी मिळतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दर्भाच्या कावळ्याची सोयही तितकीच शहाणपणाची आहे. कारण मृताची प्रत्येक इच्छा पुरी करणे कोणालाच शक्य नसते आणि कोठे तरी थांबावे लागते.

गयेस किंवा काशीस गेलेली माणसे तेथे एखादे आवडते फळ किंवा भाजी आयुष्यभरासाठी सोडतात. आंबा सोडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग असे विचारले, तर उत्तर देता येत नाही. परंतु दर उन्हाळ्यात आमरसाचे ताट समोरून जाते तेव्हा वडिलांची आठवण निघते. नाते टिकविण्याचा तो एक मार्ग असतो. मृताशी असलेला संबंध तोडल्याखेरीज शोक संपत नाही, हे मत पाश्चात्त्य मानसशास्त्रात दीर्घकाळ प्रचलित होते. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने त्याला आव्हान दिले. संबंध रूप बदलून टिकतो आणि तसा तो टिकणे निकोप असू शकते, असे त्यांनी दाखविले. वर्षश्राद्ध पाळणाऱ्या समाजाला हे नवे वाटणार नाही.

जेव्हा निर्णयाचे ओझे होते

एवढ्यावरून शोकातील प्रत्येक निर्णय योग्यच असतो असे मानणे घातक ठरेल. ज्याला काही तरी देऊन टाकण्याची ओढ लागलेली आहे, त्याच्याकडून घेणारेही पुष्कळ असतात. काशीत दक्षिणेवरून होणारी घासाघीस प्रसिद्धच आहे. वडिलांसाठी एवढेही करणार नाही काय, हा प्रश्न विचारला गेला की मुलाजवळ उत्तर राहत नाही.

लाकडाचेच उदाहरण घेऊ. एका चितेला सामान्यतः तीन-चारशे किलो लाकूड लागते. १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेनंतर हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनी बसविण्यात आली. तिचा खर्च लाकडाच्या मानाने पुष्कळ कमी. तरीही अनेक कुटुंबे लाकडाची चिताच पसंत करीत राहिली. याला केवळ रूढिप्रियता म्हणणे पुरेसे नाही. दाहिनीत देह आत सरकविला की मुलाच्या हातांना काही काम उरत नाही. अग्नी देणे, चितेभोवती फिरणे, शेवटपर्यंत थांबणे, यांपैकी काहीच नाही. ज्यांना दाहिनीचा प्रसार करावयाचा आहे, त्यांनी खर्चाचे आकडे सांगण्याबरोबरच या रिकाम्या हातांचाही विचार केला पाहिजे. दुसऱ्या बाजूने, ज्या कुटुंबाला खर्च झेपत नाही, त्याने साधी दाहिनी निवडली म्हणून त्याचे प्रेम उणे ठरत नाही, हेही समाजाने स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न वारसाहक्काचा आहे. महाराष्ट्रात वडील गेल्यानंतर बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तरीही अनेक बहिणी शोकाच्या दिवसांतच सही करून मोकळ्या होतात. आपल्याला काही नको, बाबाच राहिले नाहीत, असे त्या म्हणतात आणि ते त्या क्षणी खरेही असते. तो निर्णय वडिलांना उद्देशून असतो; माहेरचे दार उघडे राहावे ही इच्छाही त्यात असते. पण कागद वडिलांच्या नावे होत नाही, भावाच्या नावे होतो, आणि नोंदणी झालेला असा कागद फिरविणे अत्यंत कठीण असते. कावळ्यासमोर दिलेले आश्वासन आणि निबंधक कचेरीत केलेली सही यांत हा मूलभूत फरक आहे.

भावंडांचे मतभेद

आईवडिलांच्या मृत्यूनंतर भावंडांत होणारी कटुता बहुधा पैशापेक्षा शोकाच्या तऱ्हांवरून सुरू होते. एक रडतो, दुसरा कामाला लागतो. आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे वागणे खोटे वाटते. नेदरलँड्समधील संशोधक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली असे मांडले, की शोक करणारे मन दोन दिशांना आळीपाळीने जाते. कधी ते हानीकडे वळते, तर कधी पुढील जीवनाच्या मांडणीकडे. दोन्ही आवश्यक असतात. एका घरातील दोन भावंडे एकाच वेळी निरनिराळ्या टोकांना असतील, तर त्यांच्यात गैरसमज होणे स्वाभाविक आहे. मात्र तो गैरसमजच असतो.

सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ या चित्रपटाचा पूर्वार्ध काशीतच घडतो. तेथे घाटांवर कथा सांगून पोट भरणारे अपूचे वडील वारतात. पुढे बंगालमध्ये आईही जाते. नातलगांची अपेक्षा असते की मुलाने गावी राहून क्रियाकर्म करावे आणि पौरोहित्य चालवावे. अपू मात्र सामान बांधतो आणि विधी कलकत्त्यास करू असे सांगून निघून जातो. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या मूळ कादंबरीत तर आईच्या मृत्यूची वार्ता कळताच त्याला प्रथम सुटकेची भावना स्पर्श करून जाते. अशी भावना अनेकांना येते आणि क्वचितच कोणी तिचा उच्चार करतो. दीर्घ आजारात शुश्रूषा करणाऱ्या मुलीला, सुनेला तर ती हमखास येते. तिच्यामुळे प्रेम खोटे ठरत नाही. तिच्या शरमेपोटी घेतले जाणारे अतिखर्चिक निर्णय मात्र पुढे जाचतात.

काही कसोट्या

शोकग्रस्त घरातील वडीलधाऱ्यांनी आणि स्नेह्यांनी पुढील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे निर्णय परत फिरविता येण्याजोगा आहे की नाही ते पाहावे. चष्मा तेथेच ठेवणे, आंबा सोडणे, मुंडन करणे किंवा न करणे, काशीला जाणे किंवा घरीच थांबणे, या गोष्टींत कोणी वाद घालू नये. घर विकणे, नोकरी सोडणे, हक्क सोडणे, मोठे कर्ज काढणे, या गोष्टी मात्र पुढे ढकलाव्यात. नको असे म्हणण्यापेक्षा वर्षश्राद्धानंतर करू असे म्हणणे अधिक बरे. शोकाकुल मनाला नकार सोसत नाही, मुदत सोसते.

दुसरी गोष्ट, निर्णयाचा भार कोणावर पडतो याचा विचार करावा. स्वतःच्या जिवाला लावून घेतलेला नियम हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु तेराव्याच्या जेवणावळीचे कर्ज सुनेच्या दागिन्यांतून आणि मुलांच्या शिक्षणातून फिटणार असेल, तर त्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. ज्याचा निर्णयात लाभ आहे, त्यानेच तो निर्णय घ्यावयास लावू नये, हा नियम तर सर्वत्र पाळला जावा.

तिसरी गोष्ट काळाची. शोक हा आजार नव्हे, हे फ्रॉइड यांनीही आवर्जून सांगितले होते. तथापि काही थोड्या माणसांच्या बाबतीत तो ओसरतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश आहे. किमान सहा महिने लोटले तरी तीव्र वेदना कायम आहे, दैनंदिन व्यवहार अशक्य झाले आहेत आणि हे सर्व त्या समाजाच्या रूढ मर्यादेबाहेर गेले आहे, अशी त्याची लक्षणे सांगितली आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी प्रौढांसाठी ही मर्यादा एक वर्षाची धरली. आपल्याकडील वर्षश्राद्धाच्या अवधीशी ती जुळते, हे नोंद घेण्याजोगे आहे. झोप आणि अन्न सुटले असेल, किंवा स्वतःचे बरेवाईट करून घेण्याचे विचार बोलून दाखविले जात असतील, तर मात्र कोणत्याही मुदतीची वाट न पाहता डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

यापलीकडे स्नेह्यांनी करावयाचे ते थोडेच. कर्ज काढू पाहणाऱ्या मुलाला हिशेब समजावण्याआधी, वडिलांसाठी काय करायचे राहिले असे त्याला वाटते, एवढे विचारावे. पुष्कळदा तो एखादी अगदी लहान गोष्ट सांगतो. वडिलांना एकदा काशी दाखवीन म्हटले होते, ते जमले नाही. मग अस्थी घेऊन तो का निघाला आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. आणि त्या गोष्टीला कर्जाची गरज नाही, फक्त जाण्या-येण्याचे तिकीट आणि चार दिवसांची रजा पुरते, हे त्याचे त्यालाच कळून येते.